कॅमेऱ्याची नजर, संकलकाची कात्री

मिरा रोड स्टेशनात विरारकडे जाणारी लोकल शिरताना तुम्ही कितीदा तरी पाहिली असेल. त्यात तुम्हांला नवल वाटत नाही. गाडी आली की जागा मिळेल की नाही, एवढीच काळजी आपल्याला असते. पण ७ जुलै १८९६ रोजी मुंबईच्या वॉटसन हॉटेलात काही लोक एक-एक रुपयाचे तिकीट काढून बसले आणि समोरच्या पांढऱ्या पडद्यावर एक आगगाडी स्टेशनात शिरताना त्यांनी पाहिली. गाडी परदेशातली होती, स्टेशन परदेशातले होते. तरीही लोक थक्क झाले. चित्र हलत होते!

फ्रान्समधील ल्युमिएर बंधूंनी हे चित्र घेतले होते. त्यांनी केले काय? फलाटावर एका जागी कॅमेरा ठेवला, तो सुरू केला आणि गाडी आली, माणसे उतरली, तेवढे टिपले. सगळे मिळून एक मिनिटही नाही. कॅमेरा सुरू केल्यापासून बंद करेपर्यंत जे एक अखंड चित्र मिळते, त्याला ‘शॉट’ म्हणतात. ल्युमिएर बंधूंचा तो चित्रपट म्हणजे एकच शॉट होता.

आजचा चित्रपट शेकडो शॉट जोडून बनतो. तुम्ही चित्रपट पाहता तेव्हा हे जोड तुम्हांला दिसत नाहीत. चांगल्या शिंप्याने शिवलेल्या कुर्त्याची शिवण जशी डोळ्यांत भरत नाही, तसेच हे आहे. आज आपण ही शिवण जरा उसवून पाहू.

त्यासाठी आपण एक छोटा चित्रपट मनातल्या मनात तयार करू. त्याचे नाव ‘छत्री’. गोष्ट अगदी साधी आहे. जुलै महिना आहे. सकाळी अब्बा छत्री न घेता कामावर गेले. दुपारपासून पाऊस कोसळतो आहे. गाड्या उशिराने धावत आहेत. इम्रान नावाचा तुमच्याच वयाचा मुलगा छत्री घेऊन स्टेशनवर अब्बांची वाट पाहत उभा आहे. घरी अम्मी वाट पाहत आहे. बस, एवढीच गोष्ट.

आता पहिला प्रश्न : कॅमेरा कुठे ठेवायचा?

समजा, आपण तो पादचारी पुलावर ठेवला. वरून संपूर्ण फलाट दिसतो. पाऊस दिसतो, गर्दी दिसते, शेकडो छत्र्या दिसतात. त्या गर्दीत इम्रान कुठेतरी आहे, पण तो मुंगीएवढा दिसतो. हा झाला लाँग शॉट, म्हणजे दूरदृश्य. गोष्ट कुठे घडते आहे, हे तो सांगतो. भाईंदर खाडीवरचा रेल्वेपूल आणि पलीकडचे पाणजू बेट, किंवा उत्तनच्या किनाऱ्यावर बांबूंच्या काठ्यांवर वाळत घातलेल्या बोंबलांच्या रांगा अशाच शॉटमध्ये शोभून दिसतील.

मग कॅमेरा खाली फलाटावर आणू. आता इम्रान कमरेपासून वर दिसतो. त्याच्या एका हातात मिटलेली छत्री आहे. शेजारी एक गृहस्थ घड्याळ पाहत आहेत. हा मिड शॉट, म्हणजे मध्यदृश्य. माणूस काय करतो आहे, कुणाशी बोलतो आहे, हे येथे कळते. आपण रोज एकमेकांशी बोलताना साधारण इतक्याच अंतरावर उभे असतो. म्हणून हा शॉट पाहताना आपण त्या माणसाजवळ उभे आहोत, असे वाटते.

आणि मग कॅमेरा आणखी जवळ नेऊ. पडद्यावर आता फक्त इम्रानची मूठ आहे. छत्रीची मूठ त्याने इतकी घट्ट धरली आहे की बोटे पांढरी पडली आहेत. हा क्लोजअप, म्हणजे समीपदृश्य. इम्रान घाबरला आहे, हे आपल्याला कोणी शब्दांनी सांगितले नाही. त्याच्या बोटांनी सांगितले.

दूरदृश्य, मध्यदृश्य, समीपदृश्य हे शब्द पुस्तकात छान दिसतात. पण मिरा रोडच्या आसपास दूरदर्शन मालिकांचे चित्रीकरण होते, तेथे कधी डोकावण्याची संधी मिळाली तर यांपैकी एकही शब्द कानांवर पडणार नाही. तेथे मराठी दिग्दर्शकही “क्लोज घे” असेच ओरडतो. तेव्हा दोन्ही शब्द ठाऊक असलेले बरे.

क्लोजअपची ताकद आपल्या महाराष्ट्रातल्या कलावंतांनी फार लवकर ओळखली. कोल्हापुरात १९२९ साली ‘प्रभात फिल्म कंपनी’ स्थापन झाली आणि १९३३ साली ती पुण्याला आली. पुण्यात आल्यावर व्ही. शांताराम यांनी ‘अमृतमंथन’ हा चित्रपट दिग्दर्शित केला. तो १९३४ साली मराठीत आणि हिंदीत प्रदर्शित झाला. हिंदी चित्रपटात क्रूर राजगुरूची भूमिका चंद्रमोहन यांनी केली होती. त्यांचा एक डोळा, फक्त एक डोळा, शांताराम यांनी टेलिफोटो भिंगाने एवढा मोठा करून दाखवला की तो सारा पडदा व्यापून राहिला. नाटकाच्या शेवटच्या रांगेत बसलेल्या प्रेक्षकाला नटाचा डोळा कधीच दिसत नाही. चित्रपटात मात्र पहिल्या रांगेतल्या आणि शेवटच्या रांगेतल्या माणसाला तो सारखाच दिसतो. नाटक आणि चित्रपट यांतला हा फार मोठा फरक आहे.

याच ‘प्रभात’च्या संस्थापकांपैकी एक होते शेख फत्तेलाल. सगळे त्यांना आदराने ‘साहेबमामा’ म्हणत. त्यांनी आणि विष्णुपंत दामले यांनी मिळून १९३६ साली ‘संत तुकाराम’ हा चित्रपट दिग्दर्शित केला. मराठीतल्या उत्तम चित्रपटांची यादी कोणीही केली, तरी त्यात हे नाव असतेच. इटलीतल्या व्हेनिस येथील महोत्सवातही त्याचा गौरव झाला. ज्या जागेवर प्रभातचा स्टुडिओ होता, तेथेच आज पुण्याची फिल्म इन्स्टिट्यूट आहे.

कॅमेरा किती जवळ ठेवायचा याबरोबर तो किती उंच ठेवायचा, हेही ठरवावे लागते. वरून खाली पाहिले तर माणूस लहान आणि एकटा वाटतो. खालून वर पाहिले तर तोच माणूस मोठा, कधी दरारा वाटावा असा दिसतो. घोडबंदरच्या किल्ल्यावर एखाद्या मित्राला बुरुजावर उभे करा आणि पायथ्याशी बसून त्याच्याकडे पाहा. तो क्षणात सरदार वाटू लागेल. मग तुम्ही वर जा, त्याला खाली उभे करा. सरदारकी संपली! कॅमेरा एका जागी ठेवून डावीउजवीकडे फिरवला तर त्याला ‘पॅन’ म्हणतात, वरखाली फिरवला तर ‘टिल्ट’. छोट्या रुळांवरच्या गाडीवर बसवून तो माणसाबरोबर पुढे नेला तर ती ‘ट्रॉली’. ही नावे ध्यानात ठेवायला कठीण नाहीत.

एक गोष्ट मात्र कठीण आहे आणि नवशिके तेथे हमखास चुकतात. आपल्या ‘छत्री’त लोकल गाडी अनेकदा दाखवावी लागणार. समजा, एका शॉटसाठी तुम्ही रुळांच्या पश्चिमेला उभे राहिलात. तुमचे तोंड पूर्वेकडे आहे. विरारकडे, म्हणजे उत्तरेकडे जाणारी गाडी तुमच्या उजव्या हाताकडून डाव्या हाताकडे जाईल. दुसऱ्या शॉटसाठी तुम्ही रूळ ओलांडून पूर्वेला गेलात. (पुलावरूनच जा!) आता तुमचे तोंड पश्चिमेकडे आहे. तीच गाडी आता डावीकडून उजवीकडे जाईल. हे दोन शॉट एकापुढे एक जोडले तर प्रेक्षक काय म्हणतील? “अरेच्चा, गाडी परत कशी निघाली?” गाडी कोठेही परतलेली नाही. आपणच जागा बदलली. म्हणून कॅमेरावाले मनातल्या मनात जमिनीवर एक रेघ ओढतात आणि शक्यतो तिच्या एकाच बाजूला राहतात. वहीवर रूळ काढून, बोट फिरवून पाहा, म्हणजे पटेल.

आता जोडणीकडे वळू. या कामाला मराठीत ‘संकलन’ म्हणतात आणि ते करणाऱ्याला ‘संकलक’.

ही जादू भारतात पहिल्यांदा आजमावणाऱ्यांत दादासाहेब फाळके होते. त्र्यंबकेश्वरला जन्मलेले फाळके १९१२ साली लंडनला जाऊन कॅमेरा घेऊन आले. पण चित्रपटाला पैसे कोण देणार? लोकांची खात्री पटवण्यासाठी त्यांनी कुंडीत वाटाणा पेरला. त्या कुंडीसमोर कॅमेरा ठेवून महिनाभराहून अधिक काळ त्यांनी वाढत्या रोपाची एकेक चित्रचौकट टिपली. मग ती फीत सलग चालवली. पाहणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर बी फुटले, अंकुर वर आला, पाने उलगडली. महिन्याचे काम काही क्षणांत! मधला सगळा वेळ फाळक्यांनी वगळला होता. काय ठेवायचे आणि काय वगळायचे, हे ठरवणे म्हणजेच संकलन.

पुढे ३ मे १९१३ रोजी मुंबईच्या कोरोनेशन चित्रपटगृहात त्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ प्रदर्शित झाला. त्या चित्रपटामागे त्यांच्या पत्नी सरस्वतीबाई यांचे कष्ट फार मोठे आहेत. कोऱ्या फितीच्या कडांना तेव्हा भोके पाडलेली नसत. ती भोके नसतील तर फीत कॅमेऱ्यात पुढे सरकत नाही. दिवसभर चित्रीकरणातल्या मंडळींचा स्वयंपाक करायचा आणि रात्री अंधाऱ्या खोलीत बसून फितीला भोके पाडायची, हे काम सरस्वतीबाई करीत. फीत धुण्याचे कामही त्या शिकल्या होत्या. आपल्या पाठ्यपुस्तकांत दादासाहेबांचे नाव ठळक असते. सरस्वतीबाईंचे नाव शोधावे लागते.

फाळक्यांच्याच ‘लंकादहन’ या १९१७ सालच्या चित्रपटात राम आणि सीता या दोन्ही भूमिका साळुंके या एकाच नटाने केल्या. एक शॉट घेतला, कॅमेरा थांबवला, वेष बदलला, दुसरा शॉट घेतला. तुकडे जोडले की राम वेगळा, सीता वेगळी. रंगमंचावर दोघांना एकाच वेळी आणायचे म्हटले असते, तर साळुंक्यांची पंचाईत झाली असती.

बोलपट आल्यावर चित्रपट एका सेकंदाला चोवीस चौकटी या वेगाने चालू लागला. दोन तासांचा चित्रपट म्हणजे एक लाख बहात्तर हजार आठशे चौकटी! गुणाकार करून पाहा. फितीच्या काळात संकलक खरोखरच कात्री चालवीत. फितीचे तुकडे खुंट्यांवर टांगलेले असत, खाली कापडी पेटी असे आणि हवा तो तुकडा शोधून चिकटवावा लागे. आता हे काम संगणकावर होते. तरी शब्द जुनाच राहिला. बोट कळीवर असते, पण म्हणतात ‘कट’च.

दोन शॉट थेट एकमेकांना जोडले की तो कट. एक चित्र विरघळत दुसरे वर येत गेले तर तो डिझॉल्व्ह. त्यातून बहुधा ‘बराच वेळ गेला’ असे सुचवतात. चित्र काळोखात बुडाले तर फेड आउट. पण दहांपैकी नऊ वेळा साधा कटच असतो आणि खरी करामत त्याचीच आहे.

तुम्ही उर्दू शिकणारे आहात, तेव्हा हे वाक्य तुम्हांला नक्की माहीत असेल : ‘रोको मत जाने दो.’ ‘रोको’नंतर थांबा, तर एक अर्थ. ‘मत’नंतर थांबा, तर उलटा अर्थ. शब्द तेच, क्रमही तोच. फक्त थांबण्याची जागा बदलली आणि माणूस अडकला किंवा सुटला. कटही असाच आहे. तो कुठे पडतो, यावर अर्थ ठरतो.

रशियातील दिग्दर्शक लेव कुलेशोव यांनी १९२० च्या सुमारास याचा एक मजेदार प्रयोग केला. त्यांनी एका नटाच्या चेहऱ्याचा एकच शॉट घेतला. चेहऱ्यावर विशेष कोणताच भाव नव्हता. तो शॉट त्यांनी एकदा सूपच्या वाडग्याला जोडला, एकदा शवपेटीला, एकदा एका स्त्रीच्या चित्राला. पाहणारे म्हणाले, “वा! किती भुकेला दिसतो! किती दुःखी दिसतो! किती प्रेमाने पाहतो!” चेहरा तर तोच होता. भाव प्रेक्षकांनी आपल्या मनातून आणला होता.

आपल्या इम्रानवर हा प्रयोग करा. त्याचा चेहरा, मग रिकामे रूळ : तो काळजीत आहे. त्याचा चेहरा, मग समोशाची गरम कढई : त्याला भूक लागली आहे. त्याचा चेहरा, मग गर्दीतून येणारे अब्बा : त्याचा जीव भांड्यात पडला.

आता मध्ये घरचे शॉट घालू. फलाटावर इम्रान. घरी अम्मी खिडकीशी. फलाटावर घड्याळ, आठ वाजून दहा. घरी झाकून ठेवलेले ताट. फलाटावर गाडी येते, पण अब्बा उतरत नाहीत. घरी अम्मी दाराची कडी काढून बाहेर पाहते. दोन ठिकाणच्या गोष्टी अशा आळीपाळीने दाखवणे म्हणजे समांतर संकलन. इम्रान आणि अम्मी एका शॉटमध्ये एकदाही आले नाहीत. तरी ते एकाच माणसाचा विचार करीत आहेत, हे प्रेक्षकाला कळते.

शॉटची लांबी कमी कमी केली की छाती धडधडू लागते. बिमल रॉय यांचा ‘दो बिघा जमीन’ (१९५३) तुम्हांला कधी पाहायला मिळाला, तर त्यातली रिक्षाची शर्यत नीट पाहा. बलराज साहनी यांनी रंगवलेला गरीब शेतकरी कलकत्त्यात रिक्षा ओढतो. जास्त पैशांच्या आशेने तो जिवाच्या आकांताने धावतो. त्या चित्रपटाचे संकलन हृषीकेश मुखर्जी यांनी केले होते. ते पुढे स्वतः मोठे दिग्दर्शक झाले. के. आसिफ यांच्या ‘मुगल-ए-आझम’मध्ये (१९६०) शीशमहालातले नृत्यही असेच पाहण्याजोगे आहे. नाचणारी अनारकली, तिच्याकडे पाहणारा सलीम, संतापलेला अकबर. छतावरच्या आरशांत अनारकलीची असंख्य प्रतिबिंबे दिसतात, ती लाँग शॉटमध्ये. बादशहाचा राग मात्र चेहऱ्याजवळ गेल्यावाचून कळत नाही.

या कामात मुली नसतात, असे कोणाला वाटत असेल तर रेणू सलुजा हे नाव सांगितले पाहिजे. पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये शिकलेल्या या संकलिकेने ‘परिंदा’, ‘धारावी’, ‘सरदारी बेगम’ आणि ‘गॉडमदर’ या चित्रपटांसाठी चार वेळा राष्ट्रीय पुरस्कार मिळवला. २००० साली त्यांचे निधन झाले.

आता ‘छत्री’तला एक प्रसंग राहिला आहे. तो मी मुद्दाम शेवटी ठेवला. फलाटावर गर्दी आहे. एक लहान मुलगा ओल्या फरशीवरून घसरत रुळांकडे झुकतो. समोरून गाडी येते आहे. इम्रान छत्री टाकतो, त्याची कॉलर धरतो आणि जोराने मागे खेचतो. मुलगा फलाटावर आपटतो, त्याचा गुडघा फुटतो, तो रडू लागतो. मुलाची आई धावत येते आणि इम्रानच्या डोक्यावरून हात फिरवते.

समजा, हे सगळे कोणीतरी मोबाइलवर टिपले. मग त्याचे सुरुवातीचे तीन सेकंद कापले आणि आईचा शेवटचा शॉटही कापला. मधले चारच सेकंद उरले. त्यात काय दिसते? एक मोठा मुलगा एका लहान मुलाची कॉलर धरून त्याला जमिनीवर आपटतो. लहान मुलगा रडतो. बस. हे चार सेकंद संध्याकाळपर्यंत साऱ्या मिरा-भाईंदरच्या मोबाइलवर फिरतील. उद्या शाळेत इम्रानशी कोण बोलेल?

त्या चार सेकंदांतली एकही चौकट खोटी नाही. कॅमेऱ्याने जसे घडले तसेच टिपले. खोटे आहे ते कात्रीचे काम. कुलेशोव यांच्या प्रेक्षकांनी कोऱ्या चेहऱ्यावर भूक पाहिली, तशी येथे लोक इम्रानच्या चेहऱ्यावर दुष्टपणा पाहतील. म्हणून एखादी फीत तुमच्या हाती आली, की यापूर्वी काय घडले, नंतर काय घडले आणि कॅमेरा धरणारा कोठे उभा होता, हे तीन प्रश्न विचारायला हवेत. उत्तर मिळत नसेल तर तो तुकडा पुढे पाठवण्याची घाई कशाला?

इम्रानला आपण फलाटावर ताटकळत ठेवले आहे. त्याचा चित्रपट आता तुम्ही पूर्ण करा. जुन्या पोस्टकार्डाच्या आकाराचे सहा कागद कापा. एकेका कागदावर एकेक शॉट काढा. चित्रकला येत नसेल तर काड्यांची माणसे काढा, चालेल. फलाट वरून, इम्रानची मूठ, अम्मी खिडकीशी, येणारी गाडी, पडलेली छत्री, अब्बांचा चेहरा. हे सहा कागद बाकावर मांडा आणि त्यांचा क्रम बदलत राहा. पडलेली छत्री सर्वांत आधी ठेवली तर पाहणारा धास्तावेल. तीच अब्बांच्या चेहऱ्यानंतर ठेवली, तर त्याला हसू येईल, कारण बापलेक दोघेही भिजतच घरी निघालेले असतील.

शेवटचा कागद कोणता ठेवायचा, ते शेजारच्या मित्राला न सांगता ठरवा आणि मग त्याचा क्रम पाहा.